भरलेलें आभाळ आणि कोरडी जमीन



आषाढ-श्रावणांतील एखाद्या सकाळीं तुळजापूरच्या डोंगरकडेवर उभें राहिलें, म्हणजे आभाळाची मोठी लगबग दृष्टीस पडते. पश्चिमेकडून करड्या ढगांचे पुंजके धांवत येतात, डोक्यावरून निघून जातात आणि नळदुर्ग-उमरग्याच्या बाजूस दिसेनासे होतात. वारा असा कीं खांद्यावरचें उपरणें जागेवर राहूं नये. दिवसभर ऊन-सावलीचा खेळ चालतो. एखादी भुरभुर येते, तिनें अंगणांतली धूळहि नीट बसत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पर्जन्यमापक उघडून पाहावा, तर तळ कोरडा. असे आठ दिवस जातात, पंधरा जातात, कधीं तीन आठवडे जातात. इकडे सोयाबीन फुलावर आलेलें असतें. दुपारच्या वेळीं तें माना टाकूं लागतें. अशा दिवसांत गांवच्या पारावर जो प्रश्न हमखास निघतो, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे: “ढग तर रोज येतात, मग पाऊस कां येत नाहीं?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्यांत एक समजूत दडलेली आहे. ढग म्हणजे पाऊस, आणि अवर्षण म्हणजे निरभ्र आकाश, अशी ती समजूत होय. धाराशिव जिल्ह्याचा अनुभव तिच्या उलट आहे. येथें पावसानें ओढ दिलेले पुष्कळसे दिवस ढगाळच असतात. उणीव ढगांची नसते. उणीव असते ती ढगांच्या वरच्या हवेंतील ओलाव्याची. ही उणीव डोळ्यांस दिसत नाहीं, कारण बाष्प जसें अदृश्य, तशी कोरडी हवाहि अदृश्य. म्हणून आपण दिसणाऱ्या ढगाला दोष देतों आणि न दिसणाऱ्या हवेचा विचार करावयाचें विसरतों. आज त्या न दिसणाऱ्या हवेचाच विचार करूं.

प्रथम जिल्ह्याचें स्थान ध्यानांत घ्यावयास हवें. पूर्वी उस्मानाबाद या नांवानें ओळखला जाणारा आणि २०२३ पासून अधिकृतपणें धाराशिव म्हटला जाणारा हा जिल्हा बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर वसलेला आहे. उत्तरेच्या अंगानें मांजरा वाहते. येथेंच उगम पावणारी तेरणा तिला जाऊन मिळते आणि तें पाणी गोदावरींत जातें. पश्चिमेकडील सीना व दक्षिणेकडील बोरी यांचें पाणी भीमेंतून कृष्णेस मिळतें. म्हणजे दोन महानद्यांच्या खोऱ्यांमधल्या उंचवट्यावर आपण बसलों आहों. दूरच्या मुलखांत पडलेला पाऊस घेऊन येणारी महानदी या पठारावर नाहीं. जें कांहीं आपल्या डोक्यावर पडेल तेंच मुख्यतः आपलें. आणि तेंहि दोन्ही उतारांनीं निघून जावयास उत्सुक असतें.

पडतें तरी किती? वर्षाकाठीं सरासरीनें सातशें ते आठशें मिलिमीटर, म्हणजे सुमारें तीस इंच. येथून पश्चिमेस अडीचशें किलोमीटरांवर महाबळेश्वर आहे. तेथें पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एकाच वाऱ्यानें एका ठिकाणीं इतकें द्यावें आणि दुसऱ्या ठिकाणीं इतकें कमी द्यावें, याचें कारण सह्याद्रि हें आपण शाळेंत शिकलों आहों. परंतु जिल्ह्याच्या आंत डोकावून पाहिलें तर आणखी एक गोष्ट दिसते. सह्याद्रीस जवळ असलेले परंडा आणि भूम हे तालुके अधिक कोरडे, आणि दूर पूर्वेकडे असलेला उमरगा त्या मानानें अधिक ओला. सर्व पाऊस पश्चिमेकडून येत असता, तर असें होतें ना. या लहानशा विसंगतींतच आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. तिच्याकडे मागाहून येऊं.

आतां हवा आणि बाष्प यांचा संबंध पाहूं. हवेला बाष्पाची भूक असते, आणि ती भूक उष्णतेबरोबर वाढते. तीस अंश उष्णतेची एक घनमीटर हवा सुमारें तीस ग्रॅम बाष्प सामावून घेऊं शकते. वीस अंशांस सुमारें सतरा ग्रॅम, आणि दहा अंशांस नऊच. म्हणून तापलेली हवा वर चढून थंड झाली कीं तिला तेवढें बाष्प पेलत नाहीं आणि जादा बाष्पाचे सूक्ष्म जलकण होतात. हाच ढग. कोरडी हवा किलोमीटरभर वर चढली तर सुमारें दहा अंशांनीं थंड होते. म्हणजे ढग बनण्यास फार उंच जावें लागत नाहीं. पावसाळ्यांत जमिनीलगतची हवा ओली असते. ती थोडी उचलली गेली तरी ढग दिसूं लागतो. ढग बनणें ही त्यामुळें फार सोपी गोष्ट आहे.

ढगाचा पाऊस होणें मात्र सोपें नाहीं. ढगांतील जलकण इतके बारीक असतात कीं असे दहा लाख कण एकत्र यावे तेव्हां पावसाचा एक थेंब होतो. ते एकमेकांवर आपटून मोठे व्हावयाचे, किंवा खूप उंचावर हिमकण होऊन वाढावयाचे, तर त्यांना ढगांत पुष्कळ वेळ आणि पुष्कळ खोली मिळाली पाहिजे. चार-सहा किलोमीटर जाडीचा ढग ही संधि देतो. किलोमीटरभर जाडीचा ढग ती देत नाहीं. तो फार तर भुरभुर सांडतो आणि पुढें जातो. तुळजापूरच्या कडेवरून जे ढग धांवतांना दिसतात ते बहुधा या दुसऱ्या जातीचे असतात. खालून पाहणाऱ्यास दोन्ही ढगांचा तळ सारखाच काळसर दिसतो. फरक माथ्यांत असतो, आणि माथा आपल्यास दिसत नाहीं.

मग ढगाचा माथा वर कां चढत नाहीं? येथें स्वयंपाकघरांतील एक दाखला द्यावासा वाटतो. चुलीवरच्या दुधाला ऊत येऊं लागतो. तें भांड्याच्या कांठाशीं येतें, आतां बाहेर पडणार अशा वेळीं गृहिणी त्यावर थंड पाण्याचा शिंतोडा मारते, आणि ऊत तत्काळ खालीं बसतो. वाढत्या ढगाचेंहि असेंच होतें. तो वर चढतांना भोंवतालची हवा आपल्यांत ओढून घेत असतो. ती हवा ओलसर असेल तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. ती कोरडी असेल, तर ढगांतील जलकण तिच्यांत विरून जातात; पाणी विरतांना उष्णता शोषून घेतें; त्यामुळें चढती हवा थंड व जड होते आणि खालीं बसते. तळाशीं ओल भरपूर असूनहि ढगाचा ऊत उतरतो. मोसमाच्या खंडांत दोन-तीन किलोमीटरांच्या वर असा कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. खालची ओली हवा म्हणजे भांड्यांतलें दूध, आणि वरचा थर म्हणजे तो शिंतोडा. दूध कमी पडलें म्हणून नव्हे, तर शिंतोडा पडला म्हणून ऊत बसला.

ही कोरडी हवा येते तरी कोठून? तिचे दोन मार्ग आहेत. पहिला सह्याद्रीचा. दक्षिण गोलार्धांतील समुद्रावरून निघालेलें वारें आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतें, सोमालियावरून वळतें आणि अरबी समुद्रावरील बाष्प गोळा करीत आपल्या किनाऱ्याशीं येतें. जमिनीपासून सुमारें दीड किलोमीटर उंचीवर या प्रवाहाचा वेग सर्वांत अधिक असतो. भारतीय द्वीपकल्पावर असा वेगवान प्रवाह आहे हें १९६६ मध्यें जोसेफ आणि रामन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें, आणि आफ्रिकेपासूनचा त्याचा मार्ग १९६९ मध्यें फिंडलेटर यांनीं रेखाटला. हा प्रवाह सह्याद्रीवर आदळून वर चढतो, कोंकण व घाटमाथा यांना न्हाऊ घालतो, आणि पलीकडे उतरतांना तापतो. उतरती हवा तापली कीं तिची बाष्पाची भूक वाढते आणि ढग विरळ होतात. बाष्प संपलेलें नसतें. तें उचलून धरणारा हात मात्र निघून गेलेला असतो.

दुसरा मार्ग अधिक लांबचा आहे. २००९ सालीं देशांत मोठें अवर्षण पडलें. संबंध मोसमाचा पाऊस सरासरीहून सुमारें बावीस टक्क्यांनीं कमी झाला. त्या सालच्या आणि तत्पूर्वीच्या अशा खंडांचा अभ्यास फ्लॉरिडा येथील प्राध्यापक टी. एन. कृष्णमूर्ति व त्यांचे सहकारी यांनीं केला आणि तो २०१० मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांचा निष्कर्ष असा, कीं अशा खंडांत पश्चिम आशियाच्या वाळवंटांवरील कोरडी हवा अरबी समुद्र ओलांडून मध्य भारतावर उतरते. समुद्राला लागून असलेली हवा ओलीच असते. पण तिच्या डोक्यावरून, कांहीं किलोमीटर उंचीवरून, हा वाळवंटी पाहुणा चालत येतो. समुद्रावरून आला म्हणून तो ओला होत नाहीं, कारण खालच्या पाण्याशीं त्याचा संपर्कच येत नाहीं. पारावर बसलेल्या माणसाला पश्चिमेचा ओला वारा अंगाला लागतो आणि तो म्हणतो, आज पाऊस येणार. त्याचें अनुमान चुकीचें नाहीं. तें अपुरें आहे. त्याच्या डोक्यावर तीन किलोमीटरांवर अरबस्तानचें वाळवंट पसरलेलें आहे, हें त्याला कळावयास मार्ग नसतो.

तो मार्ग शास्त्रानें काढला आहे. हवामानखात्याच्या कांहीं केंद्रांवरून नियमानें उपकरणें बांधलेले फुगे आकाशांत सोडतात. फुगा वर चढतां चढतां प्रत्येक थराची उष्णता, ओल व वारा बिनतारी संदेशानें कळवितो. आतां उपग्रहहि हवेंतील बाष्पाचें चित्र वरून टिपतात. या मापनांवरून एक हिशेब करतां येतो. आपल्या डोक्यावरच्या सर्व हवेंतील बाष्प पिळून काढलें, तर भर मोसमांत त्याचें पाणी सुमारें पन्नास ते साठ मिलिमीटर, म्हणजे दोन इंचांच्या आसपास भरेल. यावरून एक मोठी गोष्ट निघते. ज्या दिवशीं चार इंच पाऊस पडतो, त्या दिवशीं केवळ आपल्या डोक्यावरचें पाणी पडत नसतें. शेंकडों किलोमीटरांवरची ओल त्या ठिकाणीं वाहून येत असते. म्हणून पाऊस कोठें पडेल हें हवेंत किती बाष्प आहे एवढ्यावरून ठरत नाहीं. तें बाष्प कोठें एकवटतें आणि कोठें वर उचललें जातें, यावरून ठरतें.

हें एकवटण्याचें स्थान मोसमभर एका जागीं राहत नाहीं. गंगेच्या मैदानावर, वायव्येकडून बंगालच्या उपसागरापर्यंत, कमी दाबाचा एक लांबट पट्टा पसरलेला असतो. त्यालाच मोसमी पट्ट्याचा आस म्हणतात. तो आपल्या नेहमींच्या जागीं किंवा तिच्या किंचित् दक्षिणेस असला, म्हणजे मध्य भारतावर पावसाची झड लागते. तो उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशीं गेला, म्हणजे तिकडे नद्यांना पूर येतात आणि आपल्याकडे खंड पडतो. त्याच वेळीं समुद्रावरून येणाऱ्या वेगवान प्रवाहाचा मध्यहि दक्षिणेस ढळतो. तो द्वीपकल्प ओलांडण्याऐवजीं त्याच्या टोकाला वळसा घालून निघून जातो. एकोणिसाव्या शतकांतच हवामानखात्याच्या पहिल्या प्रमुखांनीं, ब्लॅनफर्ड यांनीं, अशा खंडांची नोंद केली होती. म्हणजे खंड हा मोसमाचा अपघात नव्हे. तो मोसमाचा स्वभाव आहे. जून ते सप्टेंबर हे एकशें बावीस दिवस आपण पावसाळा म्हणून मोजतों. पण अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडलेला दिवस तोच पावसाचा दिवस असें धरलें, तर आपल्या भागांत त्यांतले चाळीसच्या आसपास दिवस हातीं लागतात. उरलेले दिवस आपण वाट पाहण्यांत घालवितों.

या वाट पाहण्याला कांहीं ताल आहे काय? आहे, असें उपग्रहांनीं दाखविलें. १९८० मध्यें सिक्का आणि डॉ. सुलोचना गाडगीळ यांनीं उपग्रहांच्या चित्रांवरून असें सिद्ध केलें, कीं विषुववृत्ताजवळच्या समुद्रावर ढगांचा एक पट्टा तयार होतो आणि तो हळूहळू उत्तरेकडे चालत येतो. एक पट्टा आला, बरसला व विरला, कीं कांहीं दिवसांनीं दुसरा निघतो. अशा दोन पट्ट्यांमध्यें साधारणपणें तीस ते साठ दिवसांचें अंतर पडतें. त्याची चाल दिवसाला अदमासें शंभर किलोमीटरांची आहे. धाराशिव अठरा अंश अक्षांशावर आहे. म्हणजे विषुववृत्तावर उठलेली ओलाव्याची लाट आपल्यापर्यंत येण्यास सुमारें तीन आठवडे लागतात. यांतच तिची चाहूल अगोदर लागण्याची आशाहि आहे. याशिवाय दहा ते वीस दिवसांची एक दुसरी, पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकणारी हालचाल असते. दोन्ही लाटा जुळल्या तर झड लागते. दोन्ही एकदम ओसरल्या तर दीर्घ खंड पडतो.

झड आणि खंड यांचा जोडा समसमान नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. राजीवन, गाडगीळ आणि भाटे यांनीं २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत १९५१ ते २००७ या काळांतील जुलै व ऑगस्ट महिन्यांच्या नोंदी तपासल्या. मध्य भारताच्या पट्ट्यांत सुमारें ऐंशीं टक्के झडी तीन-चार दिवसांतच आटोपतात. खंडांपैकीं मात्र चाळीस टक्केच इतके आंखूड असतात, आणि जवळजवळ एकतृतीयांश खंड आठवडाभर किंवा त्याहून अधिक टिकतात. या पट्ट्याची दक्षिण सीमा त्यांनीं अठरा अंशांच्या सुमारास धरली आहे. म्हणजे आपला जिल्हा त्याच्या उंबरठ्यावर आहे. सारांश, ओलावा येतो तो घाईनें आणि ओढ देतो ती सवडीनें.

ओढ लांबण्यास जमीनहि हातभार लावते. ओल्या रानांतून आणि उभ्या पिकांतून दररोज बाष्प वर जात असतें. तें पुढच्या ढगाला आधार देतें. जमीन सुकली कीं हा आधार तुटतो, ऊन हवेला अधिक तापवितें, ढगाचा तळ वर सरकतो, आणि कोरडेपणांतून कोरडेपणा जन्मतो. असें चक्र एकदां सुरू झालें, म्हणजे तें बाहेरून आलेल्या मोठ्या ओलाव्याशिवाय मोडत नाहीं. २०२३ चा ऑगस्ट महिना याचें अलीकडचें उदाहरण होय. त्या महिन्यांत देशाचा पाऊस सरासरीहून छत्तीस टक्क्यांनीं कमी झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाहीं. पॅसिफिक महासागराचें पाणी त्या वर्षीं तापलें होतें आणि त्याचा परिणाम आपल्या मोसमावर झाला. पण मराठवाड्यांतील शेतकऱ्याला तें वर्ष आठवतें तें शेंगा भरण्याच्या वेळीं पडलेल्या खंडाचें वर्ष म्हणून. मोसमाची सरासरी पुढें कितीहि भरून निघो, फुलगळ झालेल्या सोयाबीनला ती परत मिळत नाहीं.

आतां परंडा कोरडा आणि उमरगा ओला, या कोड्याकडे वळूं. बाहेरून येणारा मोठा ओलावा आपल्याकडे बहुधा पूर्वेकडून येतो. बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचीं क्षेत्रें निर्माण होतात आणि पश्चिम-वायव्य दिशेनें जमिनीवर चालत येतात. त्यांच्या भोंवतीं वारे फिरत असतात, आणि सर्वांत जोराचा पाऊस त्यांच्या नैर्ऋत्य बाजूस पडतो. असें क्षेत्र विदर्भावर किंवा तेलंगणावर आलें, म्हणजे मराठवाडा बरोबर त्या बाजूस सांपडतो. अरबी समुद्राचा ओला वारा मग नुसता डोक्यावरून धांवत जात नाहीं. तो त्या केंद्राकडे ओढला जातो, एकवटतो आणि वर चढतो. वरचा कोरडा थरहि नाहींसा होतो, कारण खालची ओल त्याला भेदून उंचावर जाऊन पसरते. हा पूर्वेचा प्रसाद पूर्वेकडील तालुक्यांना आधीं व अधिक मिळतो. परंड्यापर्यंत पोंचतां पोंचतां तो बहुधा सरत येतो.

बहुधा म्हटलें, कारण अपवादहि मोठे असतात. २०२० च्या ऑक्टोबरांत उपसागरांतून आलेलें एक तीव्र क्षेत्र काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून तेलंगणावरून थेट पश्चिमेकडे आलें, आणि तुळजापूर, उमरगा, लोहारा या भागांत काढणीला आलेलें पीक पाण्याखालीं गेलें. २०२५ च्या सप्टेंबरांत तर नेहमींच्या कोरड्या परंडा व भूम तालुक्यांतच सीनेच्या कांठीं असा महापूर आला, कीं माणसांना हेलिकॉप्टरनें बाहेर काढावें लागलें. ज्या तालुक्यानें टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढले, त्यानें पुरांत गुरें गमवावीं, हा दैवाचा विक्षेप वाटतो. परंतु हवेच्या हिशेबानें त्यांत विसंगति नाहीं. हवा एका अंशानें अधिक तापली, तर तिची बाष्प धरण्याची शक्ति सुमारें सात टक्क्यांनीं वाढते. ती अधिक वेळ ओल साठविते आणि सोडते तेव्हां एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेंतील रॉक्सी कोल व सहकारी यांनीं २०१७ मध्यें दाखविलें, कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतावरील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. आणि त्याचें कारण अरबी समुद्रावरून येणाऱ्या ओल्या वाऱ्यांचा वाढलेला लहरीपणा हें होय.

येथें आपल्या जुन्या नक्षत्रांविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. मृगाचा पाऊस, आर्द्रेचा पाऊस, पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा, ही आपली मोजणी सूर्याच्या गतीवर बसविलेली आहे. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचें असतें. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवानें कोणत्या पंधरवड्यांत साधारणपणें काय घडतें याची आठवण या नांवांत सांठविलेली आहे, आणि ती आठवण मोलाची आहे. परंतु आठवण सरासरीची असते. या वर्षींच्या लाटेची नसते. सूर्य दरवर्षीं ठरलेल्या दिवशीं नक्षत्र बदलतो. ढगांचा पट्टा पंचांग पाहून निघत नाहीं. वाहन बेडूक आहे कीं गाढव, यावरून तीन किलोमीटरांवरची हवा ओली होत नाहीं. नक्षत्रें पेरणीचा हंगाम सांगतात. पेरणीचा दिवस मात्र जमिनीला विचारावा.

तसेंच कृत्रिम पावसाविषयीं. ओढ लांबली कीं विमानानें ढगांवर फवारणी करावी अशी मागणी होते. पुण्याच्या त्याच संस्थेनें शेजारच्या सोलापूर परिसरांत २०१८ व २०१९ या वर्षीं याचे शास्त्रशुद्ध प्रयोग केले. योग्य ढग निवडून फवारणी केली असतां सरासरीनें अठरा टक्के अधिक पाऊस पडला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हें यश लहान नाहीं. पण त्यांतील ‘योग्य ढग’ हे शब्द विसरतां कामा नये. फवारणी ढग निर्माण करीत नाहीं. पुरेसा खोल व वाढता ढग असेल तर त्याला मदत करते. वरच्या थरांत कोरडी हवा पसरलेली असतांना, म्हणजे गरज सर्वांत अधिक असते नेमक्या त्या वेळीं, असे ढग दुर्मिळ असतात. ऊत बसलेल्या दुधाला ढवळून पुन्हां ऊत येत नाहीं.

मग एवढें जाणून करावयाचें काय? पहिली गोष्ट, पेरणीची घाई टाळणें. मे महिन्याचा वळीव हा मोसमाचा पाऊस नव्हे. पश्चिमेची कोरडी हवा आणि उपसागराकडील ओली हवा यांची मराठवाड्यावर गांठ पडते, दुपारीं जमीन तापते, आणि गडगडाटासह एखाद-दुसरी सर कोसळते. मृगाची पहिली सरहि पुष्कळदां तशीच असते. तिच्यामागें ओलाव्याची लाट असेलच असें नाहीं. म्हणून पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस होऊन जमिनींत खोलवर ओल गेल्यावरच खरीप पेरावें, असा कृषिखात्याचा सल्ला आहे. त्यामागें हेंच शास्त्र आहे. तेवढी ओल असली तर पहिला खंड रोप सोसूं शकतें; नसली तर दुबार पेरणीचा प्रसंग येतो आणि बियाण्याचे पैसे मातींत जातात.

दुसरी गोष्ट, अंदाज कसा ऐकावा ही. अमुक दिवशीं अमुक गांवीं पाऊस पडेल हें पंधरा दिवस आधीं कोणीहि सांगूं शकत नाहीं. पण येता पंधरवडा झडीचा कीं खंडाचा, याची सामान्य दिशा आतां सांगतां येते, कारण ओलाव्याचा पट्टा दक्षिणेस असतांनाच दिसूं लागतो. असा विस्तारित अंदाज हवामानखातें दर गुरुवारीं प्रसिद्ध करतें, आणि परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाकडून त्यास जोडून शेतीचा सल्ला मिळतो. खंड येणार असें दिसलें, तर वरखताची मात्रा थांबवावी, वाफसा असेपर्यंत कोळपणी उरकून घ्यावी. भुसभुशीत झालेला वरचा थर खालच्या ओलीवर पांघरुणासारखा बसतो. झड येणार असें दिसलें, तर काढलेला माल उघड्यावर ठेवूं नये. बालाघाटच्या माथ्यावरची मुरमाड जमीन आठ-दहा दिवसांत तहानेजते. खोऱ्यांतली भारी काळी जमीन त्याच्या दुप्पट दिवस तग धरते. एकच अंदाज दोघांनीं निराळ्या रीतीनें ऐकावयाचा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत जुनी आहे. नळदुर्गच्या किल्ल्यांत आदिलशाही काळांत बोरी नदीवर बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटांतला पाणीमहाल आपण पुष्कळांनीं पाहिला असेल. पाऊस चांगला झाला म्हणजे त्या बंधाऱ्यावरून दोन धबधबे कोसळतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात आणि दुरून पाहावयास येतात. पण बंधाऱ्याचें खरें काम धबधबा थांबल्यावर सुरू होतें. तो बांधणाऱ्यांना अरबी समुद्रावरील वेगवान प्रवाह ठाऊक नव्हता, वाळवंटी हवेचा थर ठाऊक नव्हता. त्यांना एवढेंच ठाऊक होतें, कीं या मुलखांत पाऊस चार दिवस येतो आणि चौदा दिवस येत नाहीं. म्हणून आलेल्या चार दिवसांचें पाणी पुढच्या चौदा दिवसांसाठीं अडविलें पाहिजे. आज शेततळें खणणारा, बांध घालणारा किंवा रुंद वरंब्यावर पेरणी करणारा शेतकरी तेंच करीत असतो.

तेव्हां येत्या श्रावणांत ढग धांवूं लागले आणि पारावर पुन्हां तो प्रश्न निघाला, तर त्याचें उत्तर असें देतां येईल. ढग येतात, कारण खालची हवा ओली आहे. ते बरसत नाहींत, कारण वरची हवा कोरडी आहे. ती कोरडी हवा जाईल. दक्षिणेकडून किंवा पूर्वेकडून ओलाव्याची नवी लाट येईल, तेव्हां ती जाईल. केव्हां, तें आभाळाच्या रंगावरून कळत नाहीं. त्यासाठीं दूरच्या समुद्राकडे पाहावें लागतें. तोंपर्यंत जमिनींत जी ओल आहे ती जपणें एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि तें थोडें नाहीं.